बेघरांवरची गाणी आणि मास्तरांनी विचारलेला पत्ता

काळीदोन

मंडळी, एक यादी करायला घेतली आहे आणि ती पहिल्याच गाण्यावर अडली आहे.

दर मंगळवारी संध्याकाळी मी एका रात्रनिवाऱ्यात जाते. फार काही करत नाही. नोंदवही लिहिते, ब्लँकेटं मोजून देते, कुणाचा अर्ज भरायचा असेल तर भरून देते. एरवी दिवसा हिशेबाची नोकरी आणि रात्री पेटी. आमचा सात जणांचा हौशी वाद्यवृंद आहे. निवाऱ्याला नवीन गाद्या हव्यात, त्यासाठी कार्यक्रम करू या असं ठरलं, आणि 'बेघर' या विषयावरची पंधरा गाणी निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, फक्त लोकांच्या कानावरची हवीत.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. पहिलं नाव अर्थातच फिल कॉलिन्सचं 'अनदर डे इन पॅरडाइज'. डिसेंबर १९८९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, १९९१ मध्ये त्याला 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळालं, आणि आमचा गिटारवाला ते झोपेतही वाजवतो. तालीम निवाऱ्याच्याच हॉलमध्ये होती. तिथे राहणारे एक गृहस्थ खुर्च्या लावत होते. पूर्वी शिवणकाम करायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांची एक निळी पिशवी असते. ती ते आधी एका खुर्चीच्या पायाला सुतळीने बांधतात आणि मगच बाकीच्या खुर्च्या उचलायला जातात. हॉलमध्ये आम्ही आठच माणसं होतो, दार आतून लावलेलं होतं, तरी बांधली.

गाणं संपल्यावर त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. थंडी आहे. एक बाई रस्त्यावरच्या माणसाला हाक मारते, म्हणते झोपायला कुठेच नाही, एखादी जागा सांगता येईल का. तो ऐकलंच नाही असं दाखवून रस्ता ओलांडतो. मग गायक आपल्याला म्हणतो, जरा विचार करा.

मास्तर म्हणाले, "बरं. मग पत्ता?"

"कसला पत्ता?"

"तिने विचारला ना, झोपायला जागा कुठे आहे म्हणून. पुढच्या कडव्यात कुणी सांगितला का?"

मी सगळी कडवी मनातल्या मनात म्हणून बघितली. नाही सांगितला. पुढे तिच्या तळपायाला फोड आलेले आहेत, ती रडते आहे, तिच्या चेहऱ्यावरच्या रेषा आहेत, मग देवाला साकडं आहे. पत्ता कुठेच नाही. इतकी वर्षं हे गाणं वाजवते आहे, पण तिने विचारलेला तो एक साधा, उत्तर देता येण्याजोगा प्रश्न आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला तो पार्श्वसंगीतासारखा वाटायचा.

घरी आल्यावर इतर गाणी त्याच कानाने ऐकली आणि यादी मोडीतच निघाली. राल्फ मॅकटेलचं 'स्ट्रीट्स ऑफ लंडन' घ्या. १९६९ मध्ये अल्बममध्ये आलं, १९७४ मध्ये नव्याने रेकॉर्ड होऊन गाजलं. चाल इतकी गोड की अंगाई म्हणून खपेल. त्यात बंद पडलेल्या बाजारात कागद तुडवत फिरणारा म्हातारा आहे, आपलं सगळं घर दोन पिशव्यांत घेऊन चाललेली म्हातारी आहे. पण ध्रुवपद त्यांच्यासाठी नाहीच. ते आहे 'मला एकटं एकटं वाटतं' म्हणणाऱ्या, घरात बसलेल्या माणसासाठी. चल, तुला हे लोक दाखवतो, मग तुझं दुखणं पळेल. म्हणजे म्हातारी औषधाला!

हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सगळे मस्त कलंदर, 'मुसाफिर हूँ यारों' छापाचे. घर नाही, ठिकाण नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. निवाऱ्याच्या नोंदवहीत असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही.

तर प्रश्न असा: लोकप्रिय गाण्यांत बेघर माणूस कुठे स्वतःच्या तोंडाने कामाचं काही बोलतो का? पिशवी कुठे ठेवावी, पाऊस आला तर कुठे जावं, दार किती वाजता बंद होतं, असलं काही? असेल तर नावं द्या. कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत.

निशाचर

कार्यक्रमाला शुभेच्छा, पण मुद्दा पटला नाही. गाण्याकडे पत्ता मागणं म्हणजे पोवाड्याकडे तोफखान्याच्या खर्चाचा हिशेब मागण्यासारखं आहे. गाणं काही चौकशीची खिडकी नाही. त्याचं काम टोचण्याचं. कॉलिन्सचं गाणं टोचतं, म्हणून तर पस्तीसेक वर्षांनी तुम्ही त्यावर धागा काढलात.

आणि आता कुणीतरी 'नटसम्राट' आणेलच, म्हणून आधीच सांगतो: ते गाणं नाही. शिवाय १९७० पासून त्या घर मागणाऱ्या स्वगताची इतकी नक्कल झाली आहे की घर मागायचं राहून गेलं आणि आवाज तेवढा उरला.

काळीदोन

@निशाचर, टोचतं हे मान्य. ते टोचतं मला, ज्या बाईला मंगळवारी रात्री घरी जायचं असतं. मास्तरांना टोचायचं कारणच नाही. ते शेजारी बसून वाट बघत होते, पत्ता येईल म्हणून. एकच गाणं दोघांनी ऐकलं आणि दोघांसाठी ते दोन वेगळ्या जागी संपलं. नटसम्राटबद्दल सहमत.

जुनीतबकडी

ताई, तुम्ही चुकीच्या दशकात शोधताय. मागे जा.

१९२८ मध्ये हॅरी मॅक्लिंटॉकने 'बिग रॉक कँडी माउंटन' रेकॉर्ड केलं. हा गडी स्वतः मालगाड्यांतून भटकलेला. गाणं ऐकायला निव्वळ गंमत: एक भटक्या आपल्या स्वर्गाचं वर्णन करतो. तिथल्या पोलिसांचे पाय लाकडाचे. तिथल्या कुत्र्यांचे दात रबराचे. मालगाडीचे डबे कायम रिकामे. तुरुंग पत्र्याचा, आत टाकला की माणूस चालत बाहेर. कोंबड्या अंडी घालतात ती उकडलेलीच.

आता ही वाक्यं एकेक करून उलटी करा. पोलीस पळून गाठतात. कुत्री चावतात. डबा भरलेला असतो. तुरुंगातून लवकर सुटका नाही. अंडं मिळालंच तर उकडायला चूल नाही. तुम्हाला हवं होतं ते 'कामाचं' सगळं यात आहे, फक्त विनोदाच्या पोटात दडवलेलं. रडक्या गाण्यात कुत्र्याचे दात येत नाहीत. ते लिहायला कुत्रा मागे लागलेला असावा लागतो. (पुढे याची मुलांसाठी सोवळी आवृत्ती निघाली. सिगारेटच्या झाडांच्या जागी पेपरमिंटची झाडं आली आणि ते बालगीत झालं. माझ्या नातवाला पाठ आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.)

दुसरं १९३२ चं, महामंदीतलं. 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम?' (डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं.) शब्द यिप हार्बर्गचे, चाल जे गॉर्नीची, आणि ती त्याला लहानपणी ऐकलेल्या एका अंगाईवरून सुचलेली. एका रंगमंचीय कार्यक्रमासाठी लिहिलं गेलं आणि त्याच वर्षी बिंग क्रॉस्बी आणि रूडी व्हॅली, दोघांनी आपापल्या आवाजात रेकॉर्ड केलं. यातला माणूस भीक मागतोय असं नुसत्या नावावरून वाटतं. पण तो आधी हिशेब मांडतो: रेल्वे मी बांधली, उंच मनोरा मी उभारला, वर्दी घालून लढाईला मी गेलो. मग आता मी रांगेत का उभा? आणि शेवटाकडे समोरच्याला स्वतःचं नाव आठवून देतो: अरे, मला अल म्हणायचे, विसरलास? तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तुम्हाला हे गाणं आवडेल. येणं बाकी मागतोय तो.

मला विचाराल तर कॉलिन्सच्या आधी हे वाजवा आणि मध्ये निवेदन अजिबात नको.

भटकभवानी

'मुसाफिर हूँ यारों'ला हात लावायचा नाही! माझ्या नावाकडे बघा जरा.

हां, पण एक कबूल. 'परिचय' (१९७२) आठवतोय? गाणारा जितेंद्र टांग्यात बसून चाललाय, आणि चाललाय कुठे, तर मुलांना शिकवायच्या नोकरीवर, एका भल्यामोठ्या हवेलीत. म्हणजे गाणं संपेपर्यंत त्याची राहायची सोय झालेली असते. गुलजार आणि आरडीच्या त्या गाण्याने माझे किती प्रवास झालेत, पण बेघरांच्या यादीत ते नको, हे तुमचं बरोबर.

तुम्हाला हवं ते हिंदीतच आहे, आणि तीन गाणी पाठोपाठ वाजवली तर निवेदकाचं काम आपोआप होईल. पहिलं 'आवारा हूँ', १९५१, शैलेंद्र. हा तुमचा मस्त कलंदर, जगभर गाजलेला. दुसरं १९५६ च्या 'सी.आय.डी.'मधलं 'ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ'. सगळे मुखडाच गुणगुणतात. मजरूहचं पुढचं कडवं नीट ऐका: इथे बेघराला लोक हसत हसत आवारा म्हणतात, आणि स्वतः सगळ्यांचे गळे कापतात त्याला बिझनेस म्हणतात. पाच वर्षांपूर्वी जो शब्द सगळा देश प्रेमाने गात होता, त्यालाच मजरूहने उलटं धरलं. मुद्दाम केलं की नाही मला माहीत नाही, पण कानाला तसंच लागतं.

तिसरं साहिरचं. 'फिर सुबह होगी', १९५८, संगीत खय्याम, आवाज मुकेश. 'चीन-ओ-अरब हमारा'. इक्बालच्या भारदस्त तराण्याची चौकट तशीच ठेवली आणि आत भरलं काय, तर राहायला घर नाही पण सारं जग आमचं. आणि ताई, तुमचा मुद्दा इथे येतो: या गाण्यात खोली गेल्याची तक्रार आहेच, पण बाकंही काढून घेतल्याची तक्रार आहे! बाकं! आज बाकाच्या मधोमध लोखंडी हात बसवतात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. साहिरला १९५८ मध्ये बाकाचं मोल कळलेलं होतं. पहारेकऱ्याचंही तसंच. इक्बालच्या तराण्यात रखवालदार म्हणजे अभिमान, साहिरच्या गाण्यात तो रिकामा खिसा बघून शिवी देतो.

ठेकेदार

डीजे आहे, लग्नापासून कॉलेजपर्यंत सगळं वाजवलंय. क्रिस्टल वॉटर्सचं 'जिप्सी वुमन' १९९१ पासून आजपर्यंत कुठल्याही गर्दीला उठवतं. नावापुढे कंसात 'ती बेघर आहे' असं स्पष्ट लिहिलंय आणि मी पहिली दहा वर्षं ते वाचलंच नव्हतं. ला-दा-दी आलं की हात वर.

गाण्यामागची बाई खरी होती. वॉशिंग्टनमध्ये मेफ्लॉवर हॉटेलसमोर ती रोज उभी राहून गायची, चेहऱ्याला व्यवस्थित रंगरंगोटी, कपडे नीटनेटके. क्रिस्टल वॉटर्सला आधी वाटायचं, एवढी चांगली दिसते तर नोकरी का करत नाही. मग तिच्याबद्दल छापून आलेलं वाचलं: दुकानातली नोकरी गेली होती, आणि लोकांकडे पैसे मागायचेच तर निदान समोर बघण्यासारखं दिसावं, असं तिचं म्हणणं. गाण्याची सुरुवातच तिच्या सकाळच्या नट्ट्यापट्ट्यापासून होते.

अजून एक, अरेस्टेड डेव्हलपमेंटचं 'मिस्टर वेंडल', १९९२. नावातलं 'मिस्टर' ऐका. बाकी गाण्यांत म्हातारा, म्हातारी, ती, तो. इथे साहेब लावलंय. एवढ्यावर मी ते यादीत घेईन.

पाचवीसपुजलेला

सहसा लिहीत नाही. पण यात माझं थोडं आहे.

काही वर्षांपूर्वी पाच महिने माझ्याकडे राहायला जागा नव्हती. कारण सांगत बसत नाही, कुणाचंही होऊ शकतं तसलं. नोकरी चालू होती, हे लोकांना खरं वाटत नाही. सकाळी स्टेशनवर दाढी, दहाला कामावर, संध्याकाळी सातनंतर प्रश्न. ऑफिसात कुणाला कळलं नाही. बॅग जड का, तर जिमला जातो म्हणायचो. इतक्या जिमनंतर तब्येत का सुधारत नाही, असं एकाने विचारलं होतं.

गाण्यांबद्दल. त्या काळात हेडफोनवर एक गाणं सारखं ऐकायचो आणि मनातून त्याच्यावर चिडायचोही. द स्क्रिप्टचं 'द मॅन हू कान्ट बी मूव्ह्ड', २००८ चं. एक जण प्रेमिका परत येईल म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर पथारी टाकून बसतो. लोक त्याला भिकारी समजून पैसे देतात, पोलीस म्हणतो इथे थांबता येणार नाही, हा म्हणतो मी हलणार नाही. चाल फार सुंदर आहे. पण मी हातातल्या बॅगेकडे बघून म्हणायचो, बाबा रे, तुला 'नाही हलणार' म्हणायची चैन आहे. आम्हाला रात्रीतून तीनदा हलवतात. तो खेळ म्हणून बसलाय, आणि गाण्यात सगळ्यांना त्याचं कौतुक. तोच माणूस तिथे प्रेमिकेविना बसला असता तर गाणं झालं नसतं, तक्रार झाली असती.

आवडायचं ते ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' (१९८८). २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्सने गायल्यावर ते नव्या पोरांनाही कळलं. त्यात निवारा येतो तो फक्त एका ओळीत, येता जाता. ती दुकानात गल्ल्यावर काम करते, म्हणते तुला नोकरी लागेल, मला बढती मिळेल, मग आपण निवाऱ्यातून बाहेर पडू, मोठं घर घेऊ. ती बेघर आहे हे गाण्याचं नाव नाही, विषय नाही. ती मनात बेरीज करत असते. मीही रोज रात्री हेच करायचो, इतका पगार, इतकं डिपॉझिट, अजून किती महिने. त्या पाच महिन्यांत मला स्वतःबद्दल 'बेघर' हा शब्द एकदाही सुचला नाही. मी फक्त 'सध्या जागा बघतोय' होतो.

आणि संगीताची दुसरी बाजूही सांगून ठेवतो. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या वेस्ट पाम बीच शहराने पाण्याकाठच्या एका सभागृहाबाहेर रात्रभर 'बेबी शार्क' आणि 'रेनिंग टॅकोज' ही लहान मुलांची गाणी लूपवर लावली होती. उद्देश एकच, तिथे कुणी झोपू नये. बातमी वाचून लोक हसले. मीही हसलो, मग हसू गेलं. कारण रात्री अडीचला सतत वाजणारी एकच धून म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझ्या वेळी ती एका बंद दुकानातल्या जाहिरातीची होती. अजून कुठे वाजली तर मी चॅनल बदलतो.

बेघरांवरच्या गाण्यांचा कार्यक्रम करताय तर बेघरांच्या विरोधात वापरलेलं गाणं म्हणून 'बेबी शार्क' अर्धा मिनिट वाजवा. थट्टा नाही करत.

निशाचर

@पाचवीसपुजलेला, वाचून गप्प झालो. माझं वरचं पोवाड्याचं वाक्य मागे घेत नाही, पण आज ते पुन्हा लिहिणार नाही.

खर्ज

ही 'लोकप्रिय' या व्याख्येत किती बसते ठाऊक नाही, पण धाग्यात आल्याशिवाय राहवत नाही. ज्यात बेघर माणूस खरोखर स्वतःच गातो अशी एक रचना आहे, 'जीझस ब्लड नेव्हर फेल्ड मी येट'.

१९७१ मध्ये लंडनमध्ये वॉटर्लू आणि एलिफंट अँड कासल भागातल्या रस्त्यावर राहणाऱ्या लोकांवर एक माहितीपट चालला होता. चित्रीकरणात काही जण गाणी म्हणायचे. एका म्हाताऱ्याने छोटंसं भजन म्हटलं, आशय एवढाच की प्रभूने मला कधी दगा दिला नाही. ते माहितीपटात वापरलं गेलं नाही. ती टेप संगीतकार गॅव्हिन ब्रायर्सकडे आली. घरी पियानोवर ताडून बघितलं तर म्हातारा सुरात निघाला, आणि तो तुकडा लूपला फिट्ट बसत होता. ब्रायर्स लेस्टर शहरातल्या कॉलेजात शिकवायचा. तिथे टेपवर एकामागून एक नकला उतरत ठेवून दार उघडं टाकून तो कॉफी घ्यायला गेला. परत येतो तर शेजारची एरवी गजबजलेली चित्रकारांची खोली चिडीचूप, माणसं हळू चालतायत, कुणी कोपऱ्यात बसून रडतंय. मग त्याने त्या आवाजामागे हळूहळू वाढत जाणारी वाद्यं लिहिली. १९७५ मध्ये रेकॉर्ड निघाली, १९९३ मध्ये गायक टॉम वेट्स शेवटाकडे म्हाताऱ्याबरोबर गातो अशी लांबलचक आवृत्ती आली.

यात त्या म्हाताऱ्याला कुणी बिचारं केलेलं नाही. तो डगमगत्या आवाजात पण ठामपणे गातो आणि वाद्यं त्याच्या मागे मागे जातात. साथसंगत करणाऱ्याने ऐकावी अशी चीज आहे.

खटकणारी गोष्टही सांगतो. ही रचना तयार व्हायच्या आत तो म्हातारा वारला. त्याने ती कधी ऐकली नाही. आणि जगभर गाजलेल्या त्या गायकाचं नाव रेकॉर्डवर नाही.

काळीदोन

दोन मंगळवार गेले. सगळ्यांना एकदम उत्तर देते.

@जुनीतबकडी काका, 'डाइम' घेतलं. गिटारवाल्याला सूर उदास वाटला, पेटीवर मात्र ते असं काही बसलं की आम्ही दोनदा वाजवलं. मास्तरांना अर्थ सांगितला तर ते म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलला. आधी काम सांगायचं, मग मागायचं." कँडी माउंटन आमचा सर्वात धाकटा गडी गाणार आहे, सिगारेटच्या झाडांसकट.

@भटकभवानी, तिन्ही गाणी त्याच क्रमाने. बाकांच्या ओळीला मास्तर खुर्ची सोडून उठलेच. मग मला त्यांनी स्वतःच्या माहितीतल्या बाकांची माहिती दिली: कुठल्यावर सावली कधी येते, कुठलं पहाटे धुतात त्यामुळे साडेचारला उठावं लागतं. ही माहिती अर्धा तास चालली आणि तालीम तेवढी मागे पडली.

@ठेकेदार, 'जिप्सी वुमन' आमच्याकडून वाजत नाही, तो ठेका पेटीचा नव्हेच. पण त्या बाईची हकीकत सांगितली. मास्तर दोन्ही शर्ट रोज गादीखाली घडी घालून झोपतात, म्हणजे सकाळी इस्त्री झालेली असते. त्यांनी एवढंच विचारलं, की तिला आरसा कुठे मिळत होता.

'स्ट्रीट्स ऑफ लंडन' वगळलं नाही. मास्तरांना चाल आवडली. फक्त म्हातारीच्या दोन पिशव्या त्यांना पटल्या नाहीत. "दोन्ही हात भरून कुणी चालत नाही ताई. एक हात मोकळा लागतो." कशाला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

@पाचवीसपुजलेला, 'फास्ट कार' शेवटून दुसरं आहे. 'बेबी शार्क'वर आमच्यात जोरदार वाद झाला, अखेर वीस सेकंदांवर तडजोड झाली. तुम्ही येणार असाल तर नुसतं 'जागा बघतोय' म्हणा दारावर, मी ओळखेन.

@खर्ज, ते रात्री एकटीने ऐकलं. कार्यक्रमात घेणार नाही. पण त्यामुळे एक ठरलं: छापील पत्रिकेवर मास्तरांचं पूर्ण नाव आहे, गायकांत. कारण मास्तर गाणार आहेत. मी विचारलं, या सगळ्यांतलं कुठलं गाल? ते म्हणाले यातलं कशाला, हे तर रोजचंच आहे. त्यांना 'प्यार हुआ इकरार हुआ' गायचंय, पावसातलं, एका छत्रीतलं. मी म्हटलं, विषयाला धरून नाही हो. तर म्हणाले, "श्री ४२० मधलंच ना? शंभर रुपयांत घर देतो म्हणून लोकांना फसवतात तोच पिक्चर." यावर बोलायला मला काही उरलं नाही. आता अडचण अशी की लताबाईंची बाजू मला गायला लागणार आहे, मी आयुष्यात माइकसमोर गायलेली नाही, आणि मास्तरांची पट्टी मला एवढी खाली पडते की माझा आवाज तळघरातून येतो.

आणि पत्ता. कॉलिन्सचं गाणं ठेवलंय. पहिल्या कडव्यात बाई विचारते तिथे आम्ही सगळे थांबणार, मास्तर माइकवर पत्ता सांगणार आणि मग उरलेलं गाणं. काल तालमीत करून बघितलं. मी कागदावर लिहून दिलं होतं: निवारा कुठे, ओळखपत्र नसलं तरी एक रात्र घेतात, दार दहाला बंद होतं. मास्तरांनी कागद बघितला आणि गाणं तिथेच थांबवलं.

"दहा लिहिलंय. वॉचमन साडेनऊलाच कडी घालतो."

नोंदवहीत दहा आहे, भिंतीवरच्या पाटीवर दहा आहे, मी वर्षभर लोकांना दहा सांगत आले आहे. मी नऊला घरी जाते, मला कसं कळणार. मास्तर म्हणतात, साडेनऊ सांगायचं असेल तर सांगतो, दहा सांगणार नाही.

उद्या मंगळवार आहे. उद्या साडेनऊपर्यंत थांबून वॉचमनशी बोलते आणि कळवते.